पद्मिनीला कुठलं ऑइल टाकू? गरम झाल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो

फियाटवाला_पुणे
मंडळी नमस्कार. घरी ८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, काकांची. गेली बरीच वर्षं रविवारी एक चक्कर आणि परत कव्हरखाली एवढंच तिचं चालू होतं, आता मी जरा नियमित काढायला लागलोय. प्रश्न ऑइलचा. एक गॅरेजवाला म्हणतो ५डब्ल्यू-३० सिंथेटिक टाका इंजिन मख्खन होईल, दुसरा म्हणतो ट्रकचं १५डब्ल्यू-४० टाका, तिसरा म्हणतो २०डब्ल्यू-५० शिवाय फियाटला काही चालतच नाही. परवा साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून वर चहाला थांबलो तर स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला, जरा रेस दिली की बंद. ऑइल कमी नाहीये, उलट डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही थोडं वरच दिसतं त्यामुळे ती काळजी नाही. सध्या आत २०डब्ल्यू-४० आहे. अजून दाट टाकू का?

काळीपिवळी_दादर
तिसऱ्याचं ऐका. २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल, विषय संपला. हे १०८९ सीसीचं इंजिन मुळात पन्नासच्या दशकातल्या इटालियन फियाट ११०० चं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), फ्लॅट टॅपेट (कॅमवर थेट घासणारे सपाट तुकडे). बेअरिंगमधली फट आजच्या गाड्यांपेक्षा जास्त आणि तुमची तर चाळीस वर्षं झिजलेली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो, २०डब्ल्यूची थंडीतली टेस्ट उणे १५ डिग्रीला घेतात, पुण्यात कुठून आणणार तेवढी थंडी? आपल्या कामाचा नंतरचा आकडा. १०० डिग्रीला ५० चं ऑइल किमान १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं आणि ३० चं ९.३ पासून साडेबारापर्यंत, म्हणजे तो ५डब्ल्यू-३० वाला तुमच्या इंजिनात जवळजवळ पाणीच ओतायला सांगतोय. कॅस्ट्रॉल, सर्वो, एचपी, कुठलंही चांगलं सीलबंद घ्या, ब्रँडवरून वाद घालण्यात काही अर्थ नाही.

विदर्भ_एक्सप्रेस
ट्रकच्या ऑइलला एवढं नाक मुरडू नका राव. फ्लॅट टॅपेटला झिंक लागतं, कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथं तेच वाचवतं, आणि पेट्रोलच्या नव्या ऑइलमधून ते कमी केलंय कारण त्या झिंकबरोबर येणाऱ्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) खराब होतो. डिझेलच्या सीआय-४ दर्जाच्या ऑइलमध्ये झिंक भरपूर असतं. आमच्याकडे नागपूरला एक जण जुन्या अँबॅसेडरमध्ये तेच वापरतो, मे महिन्यात पण काही तक्रार नाही.

काळीपिवळी_दादर
झिंकचं बरोबर आहे पण अर्धंच. २००४ च्या एपीआय एसएम (पेट्रोल ऑइलचा दर्जा) पासून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही, त्यामुळे डब्यावर एसएन (त्याच्या पुढचा दर्जा) लिहिलंय म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि डिझेल ऑइलमध्ये डिटर्जंट जास्त, वर्षानुवर्षं बसलेला चिखल सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला की मग खरा दिवा लागेल. झिंकच्या वेगळ्या बाटल्या मिळतात त्या पण ओतू नका, प्रमाणाबाहेर झालं तर तेही बाधतं.

पाना_नं_१३
सगळे ग्रेडवर भांडताय, त्याने काय लिहिलंय ते वाचलं का कुणी? ऑइल खुणेच्या वर दिसतंय म्हणे. अहो दादा जुनं इंजिन ऑइल खातं, वाढवत नाही! कुणी टॉप अप केलेलं नसताना लेव्हल वर गेली म्हणजे आत दुसरं काहीतरी येतंय. पद्मिनीला मेकॅनिकल पेट्रोल पंप, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, कॅमशाफ्टवर चालतो. त्यातला डायाफ्राम (रबरी पडदा) फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं, ऑइल पातळ होतं आणि गरम झाल्यावर स्लोवर प्रेशर पडतं. तुम्ही सांगताय ते सगळं त्यात बसतं. त्यावर दाट ऑइल ओतलंत तर महिन्याभरात तेही पातळ होणार.

सकाळी इंजिन गार असताना गाडी सपाटीवर लावा, डिपस्टिक काढा आणि वास घ्या. कृपा करून सिगरेट, लायटर लांब ठेवा. पेट्रोलचा वास आला, बोटावर घेतल्यावर ऑइल चिकट न लागता सुळकन पळालं तर उत्तर मिळालं. दुधाळ पांढरट दिसलं तर पाणी शिरतंय, मग हेड गॅस्केट बघायला लागेल. आणि तोपर्यंत गाडी चालवू नका, बेअरिंग जाईल.

फियाटवाला_पुणे
बापरे. वास येतोय, चांगलाच येतोय. पांढरं काही नाही, पण बोटावर अगदीच पातळ लागतंय. गॅरेजवाला म्हणतो पंप बदलू आणि आत डिझेल टाकून पाच मिनिटं इंजिन चालवून फ्लश मारू, मग नवीन ऑइल. चालेल ना?

पाना_नं_१३
पंप हो, डिझेल नाही. आधीच पेट्रोलने बेअरिंग धुवून निघालेत, त्यात अजून डिझेलवर कशाला पळवता. पंप काढल्यावर डायाफ्राम डोळ्यांनी बघा, गॅरेजवाला नुसता बदलला म्हणाला असं नको. पंपाचं ठीक झाल्यावरच जुनं ऑइल चेंबरचा नट खोलून निवांत गळू द्या, गार असलं तरी चालेल, पातळच झालंय ते. फिल्टर नवा, ऑइल २०डब्ल्यू-५०, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये. हे पहिलं ऑइल थोडं लवकर बदला, पाच-सातशे किलोमीटरला, आतली घाण त्याच्याबरोबर निघून जाईल.

मग गरम इंजिनवर स्लोला दिवा बघा. तरी लुकलुकला तर लगेच हाफ इंजिन (खालचा अर्धा भाग, बेअरिंगसकट) खोलायला देऊ नका. प्रेशरचा स्विच काढून त्या जागी घड्याळवाला गेज लावून घ्या, निम्म्या वेळा स्विचच मेलेला असतो. गेजवर पण कमी दाखवलं तर मग ऑइल पंप आणि बेअरिंग.

विदर्भ_एक्सप्रेस
इथे माझी माघार, ट्रकचं ऑइल राहू द्या 😄 पण पंपाचं किट घेताना एक बघा, आता बाहेर भरायला मिळतं ते पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही, फुगतं नाहीतर चिरतं. वर्षानुवर्षं दुकानात पडून असलेलं किट ओरिजिनल म्हणून महाग देतील, ते नको. इथेनॉल चालणारा डायाफ्राम मागा, सोबत टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप पण बदला.

काळीपिवळी_दादर
पुण्यात नाना पेठेत विचारा आधी. नाही मिळालं तर कुर्ल्याला या, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ ला बंद झाल्या तरी पार्ट अजून फिरतायत. फक्त जुना पंप बरोबर घेऊन जा, दुकानदार नुसतं फियाट म्हटल्यावर हातात येईल ते देतो.