ग्रुपवर टाकलेली फाईल कोणी बदलू नये म्हणून काय करता?

कट्टेवाला
दारव्हा तालुक्यात आमची छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हिशोब मी पाहतो. सोयाबीन खरेदीचं पत्रक वर्डमध्ये करून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या दिवशी एक काका नऊ कट्टे घेऊन गोदामावर हजर. मीटर लावला, ओलावा १३.८. आमची अट १२ ची. काकांनी मोबाईल पुढं केला: लेटरहेड आमचं, शिक्का आमचा, आकडा १५! नीट पाहिलं तर ‘१५’ चा फाँट बाकीपेक्षा जाड. २०२४ च्या हंगामात केंद्रानं हमीभाव खरेदीत १५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल अशी सूट दिली होती, त्यामुळं कोणाला शंकाही आली नाही. कोणी केलं ते शोधत बसत नाही. पुढं काय करू?

सेतूवाला
वर्डची फाईल कायले टाकता भाऊ ग्रुपवर? कोऱ्या कागदावर सही करून वाटल्यासारखं हाये ते. पीडीएफ करा. लिबरऑफिस फुकट आहे, त्यात पीडीएफ एक्स्पोर्ट करताना ‘सिक्युरिटी’ टॅब येतो. दोन पासवर्ड असतात: एक फाईल उघडायचा, एक बदल रोखायचा. उघडायचा टाकू नका, नाहीतर दिवसभर फोन घेत बसाल.

कट्टेवाला
म्हणजे दुसरा टाकला की काम फत्ते?

पऱ्हाटी_७२
नाही. तो पासवर्ड म्हणजे धुऱ्यावरची काटेरी फांदी. गाय थांबते, चोर नाही. तो काढून देणाऱ्या फुकट साईट आहेत, आणि स्क्रीनशॉट काढून आकडा बदलायला तर फाईलच लागत नाही. वर्डमधल्या ‘मार्क ॲज फायनल’वरही जाऊ नका, ‘एडिट एनीवे’ दाबलं की उघडते. समोरच्याकडं गेलेली प्रत त्याचीच. तुमच्या हातात एवढंच की अस्सल कोणतं ते कोणालाही ताडून पाहता यावं.

बचतगट_ताई
मी गूगल शीटची लिंक देते, सगळ्यांना ‘व्ह्यूअर’. आधी चुकून ‘एडिटर’ ठेवलं होतं, तर एका वहिनीच्या अंगठ्यानं हप्त्यांचा अख्खा कॉलम गेला. व्हर्जन हिस्ट्रीतून परत आणला, पण तोवर गटात भांडण लागून गेलं होतं. शेअरच्या सेटिंगमध्ये डाऊनलोड, प्रिंट, कॉपीची टिकही काढता येते. फायदा असा की दर बदलला तरी लिंक तीच, जुनी प्रत फिरत नाही. फक्त रेंज पाहिजे, आमच्याकडं पाण्याच्या टाकीपाशीच येते.

सेतूवाला
एक राहिलंच. तुमची कंपनी कायद्याखाली नोंदलेली असंल, तर एखाद्या संचालकाकडं डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं असते ते, असणारच, कंपनीचे फॉर्म भरायले लागते ना! तेच पीडीएफवर वापरा. डिजिटल सातबाऱ्यावर असते तशी सही. नंतर कोणी अक्षर जरी हलवलं तर संगणकावर ॲक्रोबॅट रीडर सांगते, सहीनंतर बदल झालाय. पिवळं प्रश्नचिन्ह आलं तर भिऊ नका, त्या संगणकानं सही करणाऱ्याले ओळखलं नाही एवढंच.

पऱ्हाटी_७२
बरोबर, पण मोबाईलवर सही तपासणारा गावात एक दाखवा राजेहो. पत्रकाला क्रमांक अन् तारीख टाका, तेच गोदामाच्या फळ्यावर खडूनं लिहा, आणि पत्रकातच छापा की फळ्यावरचा आकडा अंतिम.

कट्टेवाला
पटलं. फळा आजच रंगवला. पत्रक क्रमांक टाकून पीडीएफमध्ये, वर्डची फाईल फक्त माझ्याकडं. टोकन संचालकांकडून मागवलंय, ते सीएकडं पडून आहे म्हणे. काकांचं सोयाबीन गोदामापुढं ताडपत्रीवर पसरलंय, परवा परत मीटर लावतो.