घरच्या डार्करूममधली रसायनं: काय काळजी घ्यावी?

सावलीवेडा: नमस्कार मंडळी. कृष्णधवल फोटोंचे प्रिंट घरीच करायला लागलोय. बाथरूमची खिडकी काळ्या कापडाने बंद करून काम करतो. तासाभरात घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, फिक्सरचा (कागदावरचं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचा) वास तर डोक्यात जातो. घरात दम्याचा पेशंट आहे. मास्क लावून भागेल का? आणि हातमोजे लागतातच का? चिमट्यातून कागद निसटतो, म्हणून बोटांनीच धरतो.

तांबडादिवा: घशाचा त्रास बहुतेक सल्फर डायऑक्साइडचा. आम्लयुक्त फिक्सरमधल्या सल्फाइटातून तो सुटतो. स्टॉप बाथमधला (चित्र उमटणं थांबवणाऱ्या आम्लाच्या द्रावणातला) कागद न निथळता फिक्सरमध्ये टाकलात तर आम्ल वाढून आणखी सुटतो. दमेकऱ्यांना तो अगदी थोडाही बाधू शकतो. धुळीचा मास्क वायू अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

हवा खेळती हवी, आणि तीही योग्य दिशेने. एक्झॉस्ट छताजवळ असेल तर रसायनांच्या ट्रेमधली वाफ तुमच्या नाकासमोरूनच वर जाते. पंखा ट्रेच्या मागे, शक्यतो ट्रेच्या उंचीला बसवा आणि ताजी हवा तुमच्या पाठीकडून येऊ द्या. ताशी साधारण 10 वेळा खोलीतली हवा बदलावी असं सांगतात. स्टॉप बाथला असेटिकऐवजी सायट्रिक आम्ल घ्या, वास येत नाही. फिक्सरही आम्लविरहित मिळतो. काम नसताना ट्रे झाकून ठेवा.

चंदेरी: मला घशापेक्षा तुमच्या बोटांची जास्त काळजी वाटते. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, मेटॉल हे रसायन असेल तर त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती पहिल्याच दिवशी कळत नाही. माझ्या एका मित्राचे हात कित्येक वर्षं ठणठणीत होते. मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, कातडी लाल होऊन भेगा पडल्या. आता थेंबभर डेव्हलपर लागला तरी पुरळ उठतं. एकदा ही अ‍ॅलर्जी झाली की सहसा आयुष्यभर राहते, म्हणून आजपासूनच नायट्राइलचे हातमोजे घाला. लेटेक्स नको, त्याचीच काहींना अ‍ॅलर्जी असते. रबरी टोकांचे चिमटे घ्या, कागद निसटत नाही. मेटॉलऐवजी फेनिडोनचा डेव्हलपर वापरता येतो, त्याने अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता बरीच कमी. हायड्रोक्विनोन मात्र दोन्हींत असू शकतं आणि ते डोळ्यांना वाईट. मोज्यांनीच चेहरा खाजवायचा नाही!

सावलीवेडा: हे माहीतच नव्हतं, मनापासून आभार. पावडरचा डेव्हलपर घरीच कालवतो, त्यात काही धोका?

तांबडादिवा: आहे. पावडर उडते आणि थेट छातीत जाते. इथे मात्र एन-95 मास्क आणि चष्मा हवाच. जमलं तर तयार द्रावणच घ्या. कडक असेटिक आम्ल पातळ करायचं असेल तर नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. रसायनं पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका, लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा.

चंदेरी: प्रिंटला सेपिया, म्हणजे तपकिरी छटा द्यायचा मोह झाला तर जपून. सल्फाइड टोनरमधून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. ते काम उघड्यावर करा. दम्याच्या पेशंटला डार्करूमपासून लांब ठेवा, गरोदर बाई घरात असेल तर तिलाही. पंख्याची सोय होईपर्यंत तुम्ही प्रिंटिंग थांबवा. तरी घसा बरा झाला नाही तर डॉक्टरांकडे जाताना बाटल्यांच्या लेबलांचे फोटो सोबत न्या, नेमकं काय वापरता ते त्यांना कळेल.