स्लॅब भरून एक दिवस झाला, भेगा पडल्यात. तातडीने मदत हवी आहे (तासगाव)

तासगावकर
काल स्लॅब भरला. आज पाणी मारायला वर गेलो तर भेगाच भेगा. ठेकेदार म्हणतो, केसाएवढ्या आहेत, स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) ओतू. अण्णा म्हणतात, तोडा. ते सकाळपासून जेवले नाहीत. तोडायचा का? ठेकेदार संध्याकाळी येतोय.

मिरजसाइट
किती वाजता भरला? जाडी? भेगा सळईच्या रेषेत आहेत की तिरप्या? पहिलं पाणी कधी मारलं?

तासगावकर
नेहमीसारखाच, पाच इंची. तोडायचा का तेवढं सांगा ना.

कराडचा_दादा
५३ ग्रेड सिमेंट असणार, ते तापतं. मी पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरलं, एक भेग नाही.

मिरजसाइट
दादा, पाच इंचात उष्णता साठत नाही, वरखाली निघून जाते. ते दुखणं राफ्टचं, म्हणजे इमारतीखालच्या जाड सलग पायाचं, आणि पुलाच्या जाड खांबांचं. तिथे गाभा आणि पृष्ठभाग यांत २० अंशांच्या वर फरक पडला की तडकतं.

कराडचा_दादा
मग कोयनेच्या धरणाला तडे कसे गेले?

पाटणकर
ते ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने. तापमानाचा संबंध नाही.

गच्चीप्रेमी
वर चायना मोझॅक करून घ्या, उन्हाळ्यात घर गार राहतं.

तासगावकर
कृपया विषयावर बोला. बाराला भरायला घेतला, चारला संपला. वारा सुटला होता. भेगा तिरप्या, एकमेकींना समांतर, हातभर लांब. सळईवर नाहीत. एकीत दाढीचं ब्लेड जातं. पाणी आज सकाळी सातला मारलं.

मिरजसाइट
हे आधी सांगायचं होतं. तुमच्याकडे ज्या वाऱ्यावर बेदाणा सुकतो, त्यानेच स्लॅबचं पाणी ओढलं. आतून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडणारं जास्त झालं, तर काँक्रीट ओलं असतानाच फाटतं. चौरस मीटरला तासाला १ किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की धोका. त्यात स्लॅब पंधरा तास उघडा राहिला. तोडू नका.

गवंडीकाका
तीस वर्षं हेच काम करतोय. भेग दिसली तेव्हाच थापीने दाबून घोटली असती तर मिटली असती. आता स्लरीच ओता.

मिरजसाइट
काका, घोटायचं अगदी बरोबर. पण स्लरी वरच साय धरते, बारीक भेगेत उतरत नाही. आता गोणपाट अंथरा, वाळूची आळी बांधून पाणी तुंबवा. अशा उन्हात आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे निदान १० दिवस. ठेकेदाराला स्लॅबखालच्या आधाराच्या प्लेटा लवकर काढू देऊ नका. नंतर भेगा आरपार असतील तर इंजिनिअरला दाखवून पातळ इपॉक्सी (भेग चिकटवणारं रसायन) भरा. पुढचा स्लॅब संध्याकाळी भरा, वाऱ्याच्या बाजूला बेदाणा शेडची हिरवी नेट बांधा.

तासगावकर
आळी बांधली. पश्चिमेच्या कोपऱ्यात प्लेटांच्या सांध्यातून थेंब पडतोय. आरपार समजू का?

मिरजसाइट
कडेने ओघळत नाही ना, ते आधी बघा. नसेल तर आरपार आहे. वर त्या भेगेच्या दोन्ही टोकांना तेलरंगाची खूण करून ठेवा. आणि अण्णांना जेवायला घाला.