पवनचक्की घरापासून किती लांब? आणि ते ५०० मीटर मोजायचे कुठून?

बालाघाटी :
विषय जुनाच आहे पण आता आमच्या दारात आलाय म्हणून धागा काढतोय. धाराशिव जिल्ह्यातला वाशी-भूमचा पट्टा, बालाघाटाच्या माथ्यावरचा. इकडं सध्या जिकडं बघाल तिकडं टॉवरची कामं चालू आहेत. माझा पवनचक्कीला सरसकट विरोध नाही, वीज सगळ्यांनाच लागते, माझं भांडण अंतराचं आहे. केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात साफ लिहिलंय की आवाजाचा त्रास नको म्हणून कुठल्याही राहत्या घराच्या ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभी करू नये. आता आमच्याकडं निम्मं गाव गावठाणात राहतच नाही, वस्तीवर राहतं. शेतात चार पत्रे, शेजारी गोठा, हौद, बोअर, तिथंच चूल. कंपनीचा माणूस नकाशा घेऊन आला आणि अंतर दाखवलं गावठाणापासून. तिथून ते आरामात दीड किलोमीटर भरतं. आमच्या वस्तीपासून टॉवरचा खड्डा दोन वावरं सोडून. म्हटलं साहेब मग हे काय आहे, तर म्हणे हे शेड आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद असेल तर दाखवा. नोंद कुठली असणार, शेतातल्या घराची कोण करतंय? लाइटचं मीटर आहे, रेशनकार्ड आहे, लेकरं इथूनच शाळेला जातात, पण कागदावर आम्ही शेडमधे राहतो म्हणजे राहतच नाही.
माझं म्हणणं दोनच. वस्ती हे घर धरा. आणि ५०० हा आकडा टॉवरच्या उंचीप्रमाणे वाढवा.

साक्रीकर :
भाऊ राग मानू नका पण हे सगळं टॉवर दुसऱ्याच्या वावरात गेला की सुचतं. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर किती वर्षं झाली पवनचक्क्या फिरताहेत, राज्यातल्या मोठ्या प्रकल्पांत नाव आहे. त्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. रस्ते झाले, पोरं सिक्युरिटीला लागली, काही ऑपरेटर झाली, ज्यांच्या जागा गेल्या त्यांनी घरं बांधली. आवाज येतो, नाही म्हणत नाही, पण हायवेच्या कडेला राहणारा माणूस रोज त्याहून जास्त ऐकतो त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही. अंतर वाढवा अंतर वाढवा करत बसाल तर प्रकल्प जाईल शेजारच्या तालुक्यात, मग बसा पुन्हा पावसाची वाट बघत.

बालाघाटी :
साक्रीकर दादा, तुमच्या पठारावरच्या जुन्या मशिनी आणि आताच्या यात फरक आहे. तेव्हाचं सव्वा मेगावॉटचं मशिन म्हणजे ६५-७० मीटरचा टॉवर आणि ३२-३३ मीटरचं पातं, सगळं मिळून शंभराच्या आसपास. आता येतंय ते तीन मेगावॉटचं, टॉवर १४० मीटर आणि पातं ७२. म्हणजे पातं वर असताना टोक २१२ मीटरवर. मशिन दुप्पट झालं आणि अंतर तेवढंच, हा कुठला हिशोब?

गियरबॉक्स :
याच धंद्यात आहे त्यामुळे थोडे आकडे देतो, भावना बाजूला ठेवू. इमारत, रस्ता, रेल्वे यांच्यापासून जे सुरक्षित अंतर आहे ते उंचीवरच ठरतं, टॉवरची उंची अधिक अर्धा रोटर (म्हणजे एक पातं) अधिक ५ मीटर. वरच्या मशिनला ते २१७ येतं. म्हणजे उद्या आख्खा टॉवर आडवा झाला तरी घरावर येणार नाही. ५०० मीटर वेगळं आहे, ते आवाजासाठी आहे, आणि आवाज उंचीच्या प्रमाणात वाढत नाही. मोठ्या मशिनचा मूळ आवाज १०५ डेसिबलच्या आसपास असतो, ५०० मीटरवर येईपर्यंत तो चाळीसच्या घरात येतो. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ आहे. चाळीस पंचेचाळीसपेक्षा कमी, विषय संपला. वस्ती घर धरावी की नाही हा महसूलचा प्रश्न, पवनचक्कीचा नाही.

पाटणची सून :
विषय संपला कसा? मी शाळेत विज्ञान शिकवते, तुमचाच हिशोब पुढे नेते. चाळीस हे एका मशिनचं झालं. तेवढ्याच अंतरावर तेवढ्याच आवाजाचं दुसरं आलं की तीन डेसिबल वाढतात, चार झाली की सहा. चाळिसाचे सेहेचाळीस, तुमची मर्यादा तिथंच ओलांडली. आणि कुठल्या माळावर एकच पवनचक्की असते हो? आमच्या वनकुसवडे पठारावर जाऊन बघा, मोजता मोजता दमाल.
दुसरं म्हणजे रात्र. सूर्य मावळून जमीन थंड झाली की खालची हवा निवांत होते, झाडाचं पान हलत नाही, पण वर शंभर-दीडशे मीटरवर वारा चालूच असतो. दिवसा खालचा वारा, माणसं, ट्रॅक्टर यात पात्याचा आवाज झाकून जातो, रात्री झाकायला काही नसतं. आणि तो एकसारखा घुंगाट असता तरी माणूस सरावला असता. तो येतो जातो येतो जातो, अंगणात कुणी रात्रभर गोधडी झटकत बसल्यासारखा. डेसिबल मीटर सरासरी दाखवतं, झोप सरासरीत मोडत नाही ना. हायवेची तुलना म्हणूनच पटत नाही.

तिसरा डोळा :
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. या पवनचक्क्यांमुळे ढग पळतात. २००३ च्या दुष्काळात माण-खटावला काय झालं आठवा.

पाटणची सून :
ढग एक-दोन किलोमीटर वर, पातं दोनशे मीटरवर. आणि माण-खटाव पवनचक्क्या यायच्या कितीतरी आधीपासून दुष्काळी आहे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे तो भाग. असलं काही बोललं की तहसीलदार खऱ्या तक्रारीवर पण हसतो, कृपा करा.

गियरबॉक्स :
ताई ढगांवर सहमत, आणि एकत्रित आवाजाचा मुद्दा पण मान्य, लेआउट करताना तो धरायलाच पाहिजे. पण उपाय अंतरच कशाला? पात्याच्या मागच्या कडेला दातेरी पट्ट्या बसवल्या की दोन-तीन डेसिबल कमी होतात, रात्री मशिन कमी आवाजाच्या मोडवर टाकता येतं, थोडी वीज कमी मिळते एवढंच. आजारांचं म्हणाल तर कॅनडाच्या आरोग्य खात्याने १२३८ लोकांचा अभ्यास करून २०१४ ला निष्कर्ष काढले, आवाज वाढला की लोकांची चिडचिड वाढते हे खरं निघालं पण आजारांशी संबंध सापडला नाही.
आता अंतराचं गणित बघा. ५०० मीटरचं वर्तुळ म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर हेक्टर, जवळजवळ दोनशे एकर. एक किलोमीटर केलं की चौपट, ३१४ हेक्टर, पावणेआठशे एकर. त्या पावणेआठशे एकरात एकही वस्ती नाही अशी जागा वाशी-भूममधे दाखवा. वस्ती घर धरा आणि अंतर पण वाढवा म्हणजे सरळ सांगा की नकोच.

कोपनहेगनचा पाहुणा :
इकडे डेन्मार्कमधे अंतर उंचीवरच आहे, एकूण उंचीच्या चौपट. वरच्या २१२ मीटरच्या मशिनला ते साधारण ८५० मीटर होतं. त्याशिवाय आवाजाची मर्यादा वेगळी, गाववस्तीसाठी वारा ८ मीटर सेकंदाला असताना ३९ डेसिबल. आणि उंचीच्या आठपट अंतराच्या आत राहणाऱ्या घरांना दरवर्षी पैसे मिळतात, जागा त्यांची असो नसो. पवनऊर्जा इथे काही बंद पडली नाही. उलटं उदाहरण पण देतो, पोलंडने २०१६ ला उंचीच्या दहापट असा नियम केला तर नवीन प्रकल्प ठप्प झाले, २०२३ ला तो बदलून किमान ७०० मीटरवर आणावा लागला.

साक्रीकर :
डेन्मार्क! तिथं साहेब फोन उचलतो का आधी ते सांगा.

बांधापलीकडचा :
पाहुण्यांची ती डेन्मार्कच्या पैशाची ओळ महत्त्वाची आहे, जागा त्यांची असो नसो. माझी वस्ती बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं. टॉवर चुलतभावाच्या वावरात, बांध आमचा एकच. भाडं त्याला, आणि तो राहतो पुण्यात. मला काय, तर सकाळी सूर्य वर येईपर्यंत पात्याची सावली दारातून आत चुलीपर्यंत येती अन जाती, मिनिटाला तीसेक वेळा. म्हातारी म्हणती डोळ्यापुढं अंधारी येती. जर्मनीत म्हणे घरावर अशी सावली वर्षाला ३० तासांच्या वर पडू देत नाहीत, मशिन थांबवतात. आपल्याकडं सावलीचं कुणी विचारत पण नाही. साक्रीकर म्हणतात तसं दुसऱ्याच्या वावरात गेला म्हणून सुचतं, हो सुचतं, कारण त्रासाला सातबारा लागत नाही.

साक्रीकर :
मग सरळ म्हणा की पैसे पाहिजेत. पैसे मिळाले की आवाज कमी होतो का?

बांधापलीकडचा :
होत नाही. पण मग भावाला तरी कशाचे मिळतात? वारा त्याच्या एकट्याचा आहे का? पैसे नकोत तर टॉवर लांब घ्या, टॉवर लांब नको तर पैसे द्या, तिसरं म्हणजे फक्त आम्ही गप बसायचं.

बालाघाटी :
गियरबॉक्स साहेब, तुम्ही म्हणता वस्तीचा प्रश्न महसूलचा. सूचनेत शब्द राहतं घर असा आहे, नोंद असलेलं घर असा नाही. आणि मुळात त्या सूचनाच आहेत, कायदा नाही, मोडल्या तर दाद कुठं मागायची हा वेगळाच घोळ. पवनचक्कीला पर्यावरण मंजुरी लागत नाही, २००६ च्या अधिसूचनेत ती नाहीच, त्यामुळं खाणीला होते तशी जनसुनावणी पण नाही. गावाला बोलायची एकच जागा उरते, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि तो कसा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचं पावणेआठशे एकरचं गणित बरोबर आहे, मी किलोमीटरवर अडून बसत नाही. ५००च ठेवा, पण वस्तीपासून मोजा. आमच्या शिवारात तेवढ्यानं तीन टॉवर सरकतील, बाकीचे आहेत तिथंच बसतात, मी स्वतः मोबाइलवर नकाशा काढून बघितलंय.

गियरबॉक्स :
तीन सरकले तर केबल, रस्ता, जमिनीचे करार सगळं पुन्हा. फाउंडेशन झालंय का? झालं असेल तर विसरा. झालं नसेल तर लेखी हरकत आत्ता द्या, वस्तीच्या लाइटबिलाची प्रत जोडून, जिल्हाधिकारी आणि महाऊर्जा (राज्याची अक्षय ऊर्जेची संस्था) दोघांना. काँक्रीट पडल्यावर कुणी ऐकत नसतं, हे मी आतला माणूस म्हणून सांगतोय.

बालाघाटी :
दोनचं झालंय. तिसऱ्याचं स्टील बांधून तयार आहे, सोमवारी काँक्रीट आहे म्हणतात. उद्या शनिवार, ऑफिसं बंद. पाटोदेकर, तुमच्याकडं हरकतीचा अर्ज केला होता का कुणी? असला तर इथंच टाका, नावं खोडून.