आवरलं, उरकलं, आटोपलं आणि 'घासून दिली'

पेन्शनीतला

नमस्कार मंडळी. नोकरीतून सुटून मला तीन वर्षं झाली, सौ.ला शाळेतून सुटून दोन. लेक बंगळुरात. घरात आम्ही दोघंच. पितृपंधरवडा लागला की आमच्याकडे घर उलटंपालटं होतं, कारण घट बसायच्या आत जळमटं, माळा, डबे, गाद्या सगळं झालं पाहिजे असा तिचा दंडक. पाऊस सरलेला, ऊन कडकडीत, कपाटांना चार महिन्यांचा कुबट वास. यंदा कामं वाटून घेतली. पंखे, माळा, रद्दी आणि गाद्यांना ऊन दाखवणं माझ्याकडे. धान्य, डबे, देव आणि ओट्याखालचं ते अथांग कपाट तिच्याकडे.

संध्याकाळी मी कपाळावरची धूळ पुसत जाहीर केलं, "माळा उरकला."

ती स्टुलावर चढली, वर डोकावली आणि उतरून म्हणाली, "उरकलात खरा. आवरला कुठे?"

फरक मला तत्क्षणी कळला, पण शब्दांत मांडता येईना. रात्री बसून वाक्यं जमवली. हुंदका आवरला. मोह आवरत नाही. घोडा आवर. पदर आवर. भाषण आवरतं घ्या. जे पसरलंय किंवा सुटू बघतंय त्याला त्याच्या हद्दीत आणणं, असं काहीसं या सगळ्यांत आहे. 'आवरण' याच घरातला, म्हणजे वेढणं, झाकणं. 'उरकणे' तसं नाही. पूजा उरकली, साखरपुडा उरकला, अंघोळ उरकली. यात वस्तू कशी झाली याला महत्त्व नाही, यादीतली एक ओळ कमी झाली एवढंच. म्हणजे आवरणारा माळ्याकडे बघतो आणि उरकणारा घड्याळाकडे.

बरोबर आहे का? आणि 'आटोपणे' या दोघांत कुठे बसतं? तुमच्याकडे काय म्हणतात तेही सांगा.

सुपातली

काका, 'उरकणे'वर तुम्ही अन्याय केलात. "तिच्या कामाला उरक आहे" ही आमच्या साताऱ्याकडे सुनेला मिळणारी सगळ्यात मोठी पावती. "धुणं उरकलं का गं?" यात घाईचा वास नाही, घड्याळ तर नाहीच नाही. तुम्हाला जो उणेपणा जाणवतो तो 'उरकणे'तला नाही, त्याच्या मागे लागणाऱ्या 'टाकणे'तला आहे. "उरकून घेतलं" म्हणा, शहाणपणाचं वाटतं. "उरकून टाकलं" म्हणा, ब्याद गेली. तुम्ही तोंडाने 'टाकलं' म्हणाला नसाल, पण काकूंनी ते ऐकलं. बायका ऐकतात.

बाकी धान्याचं काम काकूंकडे का गेलं ते मला माहीत आहे. आमच्या घरीही सासरे निवृत्त झाल्यावर त्यांनी उत्साहाने सूप हातात घेतलं. तांदळाला पावसात टोके झालेले, पोरकिडेही होते. त्यांनी सूप असं काही उडवलं की कोंड्याबरोबर तांदूळ गॅलरीभर. सासूबाई म्हणाल्या, "पाखडायला सांगितलं होतं, उधळायला नाही." मग त्यांनी शिकवलं. पाखडणं म्हणजे सुपाचं टोक खाली झुकवून मनगटाने हलका झटका द्यायचा, हलकं ते पुढे जातं, जड ते आपल्याकडे राहतं. घोळणं वेगळं. त्यात सूप गोल फिरवायचं, म्हणजे खडे आणि कणी एका बाजूला गोळा होतात. निवडणं डोळ्यांनी, टिपणं बोटांनी. इतकी क्रियापदं एका किलो तांदळाला! आणि पुरुषमाणूस विचारतो, "झालं का तुझं ते तांदळाचं?"

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे सकाळी सकाळी एकच प्रश्न, "आटपलं का?" त्यात अंघोळ, नाश्ता, कपडे, सगळं आलं. पुण्याची माणसं त्याच अर्थी "आवरलं का?" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खोलीभर नजर फिरवली, काय आवरायचं राहिलं म्हणून.

एक सावधगिरी. 'आटोपलं' कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. "त्यांचं आटोपलं" म्हटलं की लोक चपला घालून निघतात. पण त्याच्याच पोटचं 'आटोपशीर' बघा किती गोड. आटोपशीर घर, आटोपशीर समारंभ. 'उरकशीर' कुणी म्हणत नाही, यावरून काय ते समजा.

खळ्यातली

सिंधुदुर्गातून लिहिते. तुमचं आवरणं-उरकणं फरशीच्या घरातलं. आमच्याकडे पाऊस गेला की पहिलं काम खळ्याचं. खळं म्हणजे घरापुढचं अंगण, धान्य मळतात तेवढंच नव्हे. चार महिने शेवाळ आणि तण माजलेलं असतं. ते खरवडायचं, माती टाकून सारखी करायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि मग शेणाने सारवायची. याला आम्ही आवरणं म्हणत नाही, उरकणंही नाही. 'खळं केलं' म्हणतो. नुसतं 'केलं'. दरवर्षी नव्याने करावं लागतं म्हणून असेल.

आईबाबा सत्तरी ओलांडलेले, दोघंच राहतात. बाबा चोपतात, आई सारवते. ती वाकून हाताच्या पंजाने अर्धगोल काढत मागे मागे सरकते, आणि ओल्या भागावर कुणी पाय ठेवला तर शिव्या घालते. मला राहून राहून वाटतं, इतक्या नेटक्या कामापासून 'सारवासारव' हा लबाडीचा शब्द कसा निघाला? 'झाकपाक' बघा, अजून प्रामाणिक आहे. रात्री जेवणं झाल्यावर उरलंसुरलं झाकणं, ओटा पुसणं, आमच्याकडे एवढाच अर्थ.

आणि केरसुणीला आमच्याकडे वाढवण म्हणतात. लक्ष्मीपूजनाला नवी आणून हळदकुंकू वाहतात ती हीच.

वऱ्हाडी ठेचा

आमचा फडा. सोलापूरचे पाहुणे शिराई म्हणतात. एवढ्या नावांची बाई घरात दाराआड उभी असते, हे बरं नाही.

दाताळेवाला

न्यू जर्सीहून. आम्हीही दोघंच, निवृत्त, मुलं दूर. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकच काम, मेपलची पानं. बायको हिरवळीवरून रेकने ओढते, मी ताडपत्रीवर घालून रस्त्याकडेला ढीग करतो, ठरलेल्या दिवशी गाडी येऊन उचलून नेते. दुसऱ्या दिवशी हिरवळ पुन्हा जशीच्या तशी. या अवजाराला मराठीत 'दाताळं' म्हणतात हे इथल्या तरुण मंडळींना मी अभिमानाने सांगतो. पण क्रियापद काय? आम्ही "पानं झाडली" म्हणतो, तर ऐकणाऱ्याला वाटतं झाडाने झाडली. आणि या सगळ्याला 'शरदातली पानगळ आवरणे' म्हणावं का?

सुपातली

'लोटा' की. झाडलोटीतला लोट तोच. गावाकडे अजून "अंगण लोटलं" म्हणतात. "पाला लोटला" म्हणा, झाडावर आळ येणार नाही.

पेन्शनीतला

'शरदातली पानगळ' तुमच्या न्यू जर्सीत खरी असेल, इथे नाही हो. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. शेतं हिरवी, नद्या निवळलेल्या, झाडं भरलेली. आपल्याकडे पानं गळतात शिशिरात, माघ-फाल्गुनात. इंग्रजी कवितेची भाषांतरं करणाऱ्यांनी बहुधा शरदाच्या माथी पानगळ मारली आणि ती तिथेच चिकटली. रोजच्या बोलण्यात तर शरद हा शब्दच नाही. आम्ही म्हणतो "ऑक्टोबर हीट", नाहीतर "दसऱ्या-दिवाळीचे दिवस". शरद उरला चांदण्यापुरता, आणि 'जीवेत शरदः शतम्' म्हणून वाढदिवसाच्या पत्रिकेवर. तिथे तर त्याचा अर्थ सरळ वर्ष असा आहे. आणि हो, दुखण्यापुरता. संस्कृतात शरदाला वैद्यांची आई म्हटलंय, कारण या उन्हात पित्त खवळतं आणि त्यांचा धंदा चालतो. पंखे पुसून झाल्यावर माझं डोकं तीन दिवस धरलं होतं, त्यामुळे मला हे पटतं.

मूळ विषयाकडे येतो, कारण काल कोजागरी झाली आणि आणखी एक क्रियापद अंगाशी आलं. दोन लिटर दूध दीडवर आटवायचं होतं. सौ. म्हणाली, "मंद ठेवा आणि तळापासून ढवळत रहा." मी दहा मिनिटं ढवळलं. मग पलीकडे सामन्याची शेवटची षटकं होती म्हणून गॅस जरा मोठा केला. परत आलो तो वास. मी हाक मारून सांगितलं, "अगं, दूध लागलं!"

ती आली, उलथन्याने तळ खरवडून बघितला. तपकिरी पापुद्रा निघाला. म्हणाली, "दूध लागलं नाही. तुम्ही लावलंत."

बदाम, केशर, वेलची घालूनही वास गेला नाही. गच्चीवर शेजाऱ्यांनी एकेक पेला सभ्यपणे संपवला.

व्याकरणाची बाई

काका, तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. पस्तीस वर्षं मी फळ्यावर जे शिकवलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

लागणे-लावणे, फुटणे-फोडणे, सांडणे-सांडवणे, तुटणे-तोडणे. पहिलं अकर्मक, त्यात गोष्ट आपोआप होते. दुसरं सकर्मक, त्यात करणारा लागतो. घरात कप नेहमी 'फुटतो', तो कुणी 'फोडत' नाही. दूध 'उतू जातं'. किल्ली 'हरवते'. भाषेने आपल्या सगळ्यांना ही पळवाट ठेवली आहे, बायकांनाही. मात्र वाक्याचा कर्ता कोण हे ठरवायचा हक्क ज्याचं दूध त्याला.

आता वर जे 'टाकणे'चं निघालं ते पुढे नेते. मराठीत मुख्य क्रियापदाच्या मागे एक चिमुकलं क्रियापद येतं आणि सगळा भाव तेच सांगून जातं. 'करून टाकणे' म्हणजे एकदाचं सुटणं. 'करून घेणे' म्हणजे आपल्या सोयीसाठी, वेळेवर. 'करून ठेवणे' म्हणजे पुढे उपयोगी पडावं म्हणून आधीच. आणि 'करून देणे' म्हणजे दुसऱ्याचं काम, त्याच्यासाठी.

हे चौथं बघा. आमचे हे निवृत्तीनंतर रोज दुपारची भांडी घासतात. छान घासतात, कढईचा काठसुद्धा. पण फोनवर मित्राला सांगतात, "हिला भांडी घासून देतो." दोन वर्षं मी ऐकलं. एकदा विचारलं, "मी इतकी वर्षं घासत होते, तेव्हा कुणाला 'घासून देत' होते?" भाषेत तसं वाक्यच नाही. बाई नुसती घासते. 'दिली' म्हटलं की काम करणारा बदलतो, कामाचा मालक बदलत नाही.

वऱ्हाडी ठेचा

बाई, जरा जास्त होतंय. माणूस घासतोय ना? क्रियापदावरून भांडायचं का?

व्याकरणाची बाई

भांडत नाही हो. भांडी घासताना बोलतोय आम्ही. आणि "मदत करतो" हेही त्यातलंच. पाहुणे मदत करतात. ज्याचं घर, तो करतो.

दाताळेवाला

इथे पानांच्या बाबतीत उलटं आहे. पानं 'माझी', म्हणून बायको म्हणते, "तुला ओढून दिली." आजवर लक्षात आलं नव्हतं. आज तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग उद्या तूच ओढ." चर्चेने माझं नुकसान केलं.

खळ्यातली

आईला विचारलं. ती म्हणते, "चोपून दिलं म्हणतात ते, पण मी तरी सारवून देतेच ना त्यांना?" म्हणजे दोघंही एकमेकांना देतात. मालक कुणीच नाही, खळंच.

सुपातली

व्वा! हे बाईंच्या नियमात कुठे बसवायचं?

व्याकरणाची बाई

नाही बसत. तुमच्या आईला सांगा, मी वहीत लिहून घेतलं.

पेन्शनीतला

एक काम आहे ज्याला 'देणे' लावण्यावाचून गत्यंतर नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. केंद्राचे पेन्शनर १ नोव्हेंबरपासून देतात, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा. २०१४ पासून बोटाच्या ठशावर घरबसल्याही होतो. 'हयात' मूळ अरबी, पण आपण तिला 'हयातभर' आणि 'हयातीत' करून पार घरची केली. गंमत अशी की हे एकच काम कुणी कुणाला 'करून देऊ' शकत नाही. सौ. म्हणते, "आपण दोघं जाऊन उरकून घेऊ." तिच्या तोंडी आज 'उरकणे' आलं हे नोंदवून ठेवा. 'घेणे' लावून आलं, हेही नोंदवा.

आता मी उठतो. गाद्या उन्हातून आत आणायच्या आहेत, सूर्य गच्चीच्या कठड्याखाली गेला.

पेन्शनीतला

त्यांच्याच खात्यावरून मी, सौ., लिहिते आहे. ते गाद्या आणायला वर गेलेत. सगळं वाचलं. बाईंना माझाही नमस्कार. एक शंका आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक गेले तीन आठवडे पॅसेजमध्ये मध्यभागी आहे. विचारलं की हे म्हणतात, "काढून ठेवली आहे." 'ठेवणे' म्हणजे पुढे उपयोगी पडावं म्हणून, असं बाई म्हणाल्या. काल रात्री पाण्याला उठले तर माझी करंगळी तिला लागली. लागली की लावली, ते कृपया सांगा.