मदत हवी आहे: हवेने थंड होणाऱ्या विमान-उपकरणात पाणी येते

अंबड_वर्कशॉप: आमच्याकडे विमानात बसणाऱ्या एका वीजपुरवठा उपकरणाची पेटी तयार होते. थंड हवा तळातून शिरून वरून बाहेर पडते. चाचणीनंतर पेटी उघडली असता मागे सर्वांत खाली असलेल्या कनेक्टरवर (वायर जोडण्याच्या भागावर) थेंब दिसतात आणि दोन पिनांभोवती हिरवट थर धरला आहे. सांध्यांना सीलंट लावूनही फरक पडलेला नाही. कोणते सीलंट चालेल, हे कृपया लवकर सांगावे.

ओझर_निवृत्त: हवा कोठून येते, हे आपण लिहिलेले नाही. विमानातील एअर सायकल मशिनच्या (हवा थंड करणाऱ्या यंत्राच्या) टर्बाइनमध्ये हवा प्रसरण पावताना इतकी थंड होते की तिच्यातील बाष्पाचे धुके बनते. टर्बाइननंतर कापडी पिशवीचा वॉटर सेपरेटर (हवेतले पाणी वेगळे करणारा भाग) असेल आणि पिशवी मळून बायपास, म्हणजे तिला वगळून जाणारी वाट, उघडला असेल, तर ते धुके थेट पेटीत येते. टर्बाइनच्या आधी, जास्त दाबाखाली पाणी काढणारी पद्धत म्हणूनच अधिक चांगली आहे. हवेबरोबर आलेले पाणी सीलंटने थांबणार नाही.

कोटिंगवाला: सर्किटवर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) द्यावे. आमच्या सर्व कामांत आम्ही तेच करतो.

गंगापूर_रोड: कोटिंग पिनांच्या स्पर्शपृष्ठावर देता येत नाही आणि इथे गंज तर पिनांवरच आहे. हवा भागांवरून न नेता कोल्ड प्लेटच्या, म्हणजे भाग ज्यावर बसतात त्या पोकळ धातूच्या पट्टीच्या, आतून न्यावी, म्हणजे ओली हवा विजेच्या भागांना शिवणारच नाही.

देवळाली_१: 2008 च्या जानेवारीत बँकॉकला उतरणाऱ्या क्वांटासच्या 747-400 विमानात गॅलीकडचे (विमानातील स्वयंपाकघराकडचे) पाणी जनरेटर नियंत्रण उपकरणांत झिरपले आणि चारपैकी तीन मुख्य एसी बस (वीज वाटणाऱ्या वाहिन्या) बंद पडल्या. उपकरणावरचे छत आधी तपासा.

अंबड_वर्कशॉप: ही चाचणी कारखान्यातच होते, त्यामुळे वर गॅली नाही. हवा शीतयंत्रातून येते. चाचणी चालू असताना झरोक्यातून पाहिले तर पिना कोरड्या असतात. थेंब पेटी उघडल्यावर दिसतात. उन्हाळ्यात असे होत नव्हते.

ओझर_निवृत्त: हे आधी सांगायला हवे होते. श्रावणातल्या दमट हवेत थंडगार धातू उघडा केला, तर त्यावर दव धरणारच. शीतयंत्र बंद केल्यावर कोरडी, कोमट हवा सोडत राहावी आणि पेटीचे तापमान खोलीइतके झाल्याशिवाय झाकण काढू नये. मात्र उंचावरून थंड होऊन दमट हवेत उतरणाऱ्या विमानातही हेच घडते, म्हणून ग्राहकाने डीओ-160 च्या (विमान-उपकरणांच्या चाचण्यांच्या मानकाच्या) दहाव्या, पाण्यापासून बचावाच्या विभागातील कोणता वर्ग मागितला आहे, तेही पाहावे. दवासाठी वाय आणि ठिबकणाऱ्या पाण्यासाठी डब्ल्यू असे वेगळे वर्ग आहेत.

गंगापूर_रोड: तरीही कनेक्टर सर्वांत खाली ठेवणे मला पटत नाही. तो वर घ्यावा, वायरला आत शिरण्याआधी खाली झोळ द्यावा आणि तळाच्या सर्वांत खोल जागी निचऱ्याचे छिद्र ठेवावे.

कोटिंगवाला: छिद्रातून थंड हवा गळून भागांना कमी पडेल.

गंगापूर_रोड: म्हणूनच छिद्राचा आकार हवेच्या हिशेबात धरावा लागतो; ते सीलंटने बुजवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अंबडकर, आपण सांध्यांबरोबर तळाची छिद्रेही बुजवली आहेत का?