गोचीडताप: गोळ्या थांबवू नका
कोथरूडच्या एका लॅब्राडॉर कुत्र्याचा गोचीडताप सारखा उलटतोय, म्हणून डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद करून पपईच्या पानांचा रस द्या, असं कुणीतरी सुचवलंय. कृपा करून गोळ्या मध्येच थांबवू नका. गोचीड चावल्याने हा ताप आणणारा एर्लिकिया हा जंतू पांढऱ्या पेशींत दडून बसतो, रसाने तो मरत नाही. कोर्स साधारण 28 दिवसांचा. कुत्रं आठवड्यात उड्या मारायला लागलं तरी पुरा करायचाच. गोळी जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी उलटी होऊ शकते. रस द्यायचाच तर डॉक्टरांना विचारून, जोडीला. पोटावर जांभळे ठिपके किंवा नाकातून रक्त दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि भिंतींच्या फटी, सोफ्याच्या शिवणी नीट बघा हो, मादी गोचीड तिथेच हजारो अंडी घालते.